टकळीचे कोरे पेपर

ती बोलायला लागली ती लवकर, आणि एकदा लागल्यावर थांबलीच नाही, म्हणून घरात तिचं नाव टकळी पडलं. जेवताना बोलायची, आंघोळ करताना बोलायची, आजारी पडली की तापातही बोलायची. घराच्या खाली बाबांचा कवळ्या करायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तीत तीन टेबलं आणि भिंतीभर फळ्या. फळ्यांवर पांढऱ्या प्लास्टरचे जबडे ओळीनं आ वासून बसलेले असत. लहानपणी ती तिथल्या उंच स्टुलावर बसून त्या जबड्यांनाच गोष्टी सांगायची. "निदान ते उलटून बोलत नाहीत," बाबा म्हणायचे. मामा आला की हात जोडून म्हणायचा, "हिचं बटण कुठे आहे ते कुणीतरी दाखवा रे."

सोळाव्या वर्षी टकळी गप्प झाली. एका दिवसात नाही. आधी जेवताना बोलणं बंद झालं, मग शाळेतून आल्यावरचं, मग विचारलं तेवढ्यापुरतं उरलं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं, आणि सगळ्यांना बरंच वाटलं. "आता जरा गंभीर झालीय," आई शेजारणीला म्हणाली. पुस्तक उघडून गप्प बसलेली मुलगी ही कुठल्याही घरात शुभ खूणच असते.

शाळेची शेवटची दोन वर्षं सुरू झाली होती. त्या दोन वर्षांनंतरच्या परीक्षेत टकळीनं पुष्कळ मार्क मिळवायचे आणि दातांची डॉक्टर व्हायचं, हे ठरलेलं होतं. कधी ठरलं ते विचारलं असतं तर कुणालाच सांगता आलं नसतं. पण का ठरलं ते टकळीला पक्कं माहीत होतं. बाबांकडे शहरातले डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवत, सोबत एक चिठ्ठी. बाबा चार दिवस खपून, मेण खरवडून, एकेक दात बसवून कवळी करत. मग फोन यायचा. "कवळी उंच झालीय. पेशंटचं तोंड मिटत नाही. काय झोपेत करता का?" माप डॉक्टरनं घाईत वेडंवाकडं घेतलेलं असायचं, ते बाबांना माप हातात घेताच कळलेलं असायचं. पण बाबा म्हणायचे, "हो डॉक्टर. पाठवून द्या डॉक्टर. संध्याकाळपर्यंत करतो डॉक्टर." फोन ठेवून ते टकळीकडे बघत. "मी जन्मभर दुसऱ्याच्या चिठ्ठ्या वाचल्या. तू चिठ्ठी लिहिणारी हो."

त्या बोलण्यावर नाही कसं म्हणायचं, ते तिला कधी सुचलं नाही.

तर दिवस असा होता. पहाटे उठून पाठांतर. मग शाळा. शाळेतून थेट टक्के सरांचा क्लास. त्यांचं खरं नाव मुलं विसरूनच गेली होती, कारण सरही मुलांची नावं विसरले होते. ते प्रत्येकाला मागच्या चाचणीतल्या टक्क्यांनी हाक मारत. "काय रे त्रेसष्ट, जांभया देतोस? अठ्ठ्याऐंशी, तू सांग." टकळी अठ्ठ्याऐंशी होती. मधे एकदा चौऱ्याऐंशी झाली तेव्हा आठवडाभर सरांनी दोनदा हाक मारली तरी तिनं ओ दिली नव्हती, कारण आपल्याला बोलावतायत हे तिच्या ध्यानातच येत नव्हतं. क्लासहून घरी, जेवण, मग दुसऱ्या दिवशीची तयारी. रविवारी चाचणी.

या सगळ्यात एक भोक होतं. शाळा आणि क्लास यांच्यामध्ये पायी जायचा रस्ता. शाळेच्या मागल्या दारानं बाहेर पडलं की एक नाका लागायचा. तिथून डावीकडे गेलं तर किल्ल्या करणारा, सोफ्यांना कापड चढवणारा, लाँड्रीची वाफाळलेली काच, आणि पुढे बंद पडलेल्या थिएटरच्या पायऱ्या. उजवीकडे गेलं तर टायरवाल्यांची ओळ, एक नर्सरी, आणि भिंतीपलीकडे कुठल्याशा ऑफिसचा बगीचा. दोन्ही रस्ते क्लासपाशीच पोचत. डावीकडे जायचं की उजवीकडे, एवढं एकच दिवसभरात तिचं तिनं ठरवायचं असे. ती नाक्यावर उभी राहून ते नीट ठरवत असे. मैत्रिणींनी सोबत बोलावलं तर काहीतरी सबब सांगून ती मागे राहायची. चालताना ओठ हलायचे तिचे. जे काही बोलणं उरलं होतं ते त्या रस्त्यावर होत होतं.

हिवाळ्यात तिला सकाळी उलट्या व्हायला लागल्या. शाळेचे बूट चढवले की पोटात ढवळायचं. आईनं दूध बंद केलं, मग अंडं बंद केलं, मग दोन्ही परत सुरू केलं. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, सगळं ठणठणीत निघालं. त्यानं टॉनिक दिलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं ते टॉनिक टकळी मुकाट्यानं घेत राहिली.

मग एका रविवारी, चाचणीहून आल्यावर, तिनं धीर केला. जेवणाच्या टेबलाशी सगळे होते. मामाही आलेला होता.

"मला क्लास सोडायचाय," ती म्हणाली. "शाळा करीन. फक्त क्लास नको."

बाबांनी आईकडे बघितलं. आईनं मामाकडे बघितलं. मामा विमा कंपनीत होता आणि घरातल्या अडचणींवर बोलायचा मक्ता त्याच्याकडे होता. त्यानं खुर्ची मागे सरकवली.

"हे बघ टकळे, आम्ही काही जुन्या काळातले लोक नाही. तुला काय व्हायचंय ते मनमोकळं सांग. कुणी रागावणार नाही."

टकळीनं विचार केला. तिला खरंच उत्तर द्यायचं होतं. पण आत हात घातला तर हाताला काही लागेना. "अजून माहीत नाही," ती म्हणाली.

"बघा," मामा बाबांना म्हणाला. "तिचं काही ठरलेलंच नाही. मग आपण ठरवलेलं काय वाईट?"

"ठरवायला वेळ तरी पाहिजे ना," टकळी म्हणाली.

"वेळच वाचवतोय आम्ही तुझा," बाबा म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले. मामा निघताना तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "विचारलं की नाही तुला? आमच्या वेळी विचारत पण नव्हते."

त्याच सुमाराला शाळेत नवीन बाई आल्या. दुसऱ्या कुठल्याशा शाळेत एका मुलानं जिवाचं बरंवाईट करून घेतल्याची बातमी आली होती आणि वरून हुकूम निघाला होता, की प्रत्येक शाळेत समुपदेशक पाहिजे. त्यांना खेळाच्या सामानाच्या खोलीतला अर्धा भाग मिळाला. उरलेल्या अर्ध्यात व्हॉलीबॉलची जाळी आणि हवा गेलेले चेंडू होते. मुलं त्यांना मनाच्या बाई म्हणू लागली. बाई वयानं लहान होत्या, ओढणी सारखी सावरत बोलायच्या. उलट्यांचं कळल्यावर वर्गशिक्षकांनी टकळीला त्यांच्याकडे धाडलं.

पहिल्यांदा टकळी नुसती बसून आली. दुसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "दिवसातला तुला आवडणारा भाग कुठला?" असं कुणी विचारलं नव्हतं. टकळीनं रस्त्याचं सांगितलं. किल्लीवाल्याच्या दुकानातल्या लोखंडाच्या भुशाचा वास, लाँड्रीतली बाई शर्टांशी भांडल्यासारखी इस्त्री कशी करते ते, थिएटरच्या पायऱ्या. सांगता सांगता ती इतकं बोलली की तिचा तिलाच आवाज अनोळखी वाटला. बाई हसत ऐकत होत्या. "हे आपल्या दोघींतच," त्या म्हणाल्या.

पण नियम असा होता की तीन भेटी झाल्या की पालकांना बोलवायचं. तिसरी भेट झाली आणि आई गेली. बाईंनी काय सांगितलं आणि आईनं काय ऐकलं, देव जाणे. आई घरी आली ती डोळे पुसतच. "अहो, पोरगी दमलीय हो. शाळेतून क्लासला एवढं चालत जाते. त्या बाई म्हणाल्या, दिवसभर हिच्या डोक्यात तो रस्ताच असतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तर मागल्या दाराशी आई स्कूटर घेऊन उभी.

"बस. दोन मिनिटांत सोडते. तेवढीच तुला विश्रांती."

"आई, मला चालायला आवडतं."

"आवडतं म्हणून जिवाचे हाल करायचे का? बस."

टकळी बसली. नाका आला आणि गेला. स्कूटर उजवीकडे वळली की डावीकडे, हेही तिला नंतर आठवलं नाही. क्लासच्या दाराशी आईनं पिशवीतून फळांचा डबा काढून दिला आणि तिच्या गालावरून हात फिरवला. एवढ्या मायेनं कुणी तुमची शेवटची गोष्ट काढून घेतली, तर रागावायचं कुणावर?

तिनं सांगून पाहिलं नाही असं नाही. चार वेळा सांगितलं. पण त्या घरात तिचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती म्हणाली, एकटं राहावंसं वाटतं, तर बाबांनी मनाच्या बाईंना फोन करून विचारलं की मुलगी एकटी राहायचं म्हणते, हे लक्षण कसलं. बाईंनी धसका घेऊन तिचं नाव 'श्वासाच्या तासा'त घातलं. हा तास मधल्या सुट्टीत असे. ज्यांच्यावर ताण आहे अशा निवडक मुलांनी डबा पटकन संपवून हॉलमध्ये जमायचं आणि डोळे मिटून श्वास मोजायचा. हजेरी सक्तीची होती. ती म्हणाली, मोकळं वाटत नाही, तर बाबा दर शनिवारी तिला मोकळ्या हवेत फिरायला नेऊ लागले, आणि फिरता फिरता प्रश्न विचारू लागले. "बरं, नुसतं चालायचं कशाला? सांग, आम्ल आणि अल्कली एकत्र आले की काय होतं?" ती थकले म्हणाली की कुठूनतरी एक नवा उपाय यायचा आणि त्या उपायाला जागा करण्यासाठी तिचा उरलासुरला वेळ कापला जायचा. शेवटी तिनं सांगणंच सोडलं. सांगितल्यानं वाढतं, न सांगितलेलं निदान आहे तेवढंच राहतं.

पूर्वपरीक्षा आली. पहिला पेपर रसायनशास्त्राचा.

टकळी आपल्या बाकावर बसली. पेपर वाटले गेले. सुपरवायझर बाईंनी घंटा झाल्यावर सांगितलं, "तीन तास कुणी बोलायचं नाही. कुणी उठायचं नाही." टकळीनं प्रश्न वाचले. बरेचसे येत होते. पहिला तर तिच्या आवडीचा होता. तिनं पेनाचं टोपण काढलं, नाव आणि क्रमांक लिहिला, आणि तिच्या ध्यानात आलं की हॉलमध्ये कमालीची शांतता आहे. कुणी तिला काही विचारत नव्हतं. कुणी काही सुचवत नव्हतं. आई बाहेर होती, बाबा बाहेर होते, टक्के सर, मामा, श्वासाचा तास, सगळे त्या दाराच्या बाहेर, आणि तीन तास आत यायची कुणाला परवानगी नव्हती.

तिनं टोपण परत लावलं.

ती खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर एक माणूस शिडीवर चढून पाइपला रंग देत होता. एक फांदी आडवी येत होती, ती तो दर खेपेला हातानं बाजूला करी आणि ती दर खेपेला परत येई. टकळीला हसू आलं. सुपरवायझर बाई दोनदा जवळून गेल्या. "लिही की ग," एकदा पुटपुटल्या. टकळीनं मान हलवली. तीन तास संपल्यावर तिनं उत्तरपत्रिका दिली आणि बाहेर आली. आईनं विचारलं, "कसा गेला?" टकळी म्हणाली, "छान." ते खोटं नव्हतं.

दुसरा पेपरही छान गेला. तिसराही. पाचही तसेच.

निकालाच्या आधीच शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत बाबा कारखान्यातल्या अंगावरच्या कपड्यांनीच आले, बाहीवर प्लास्टर तसंच. टेबलावर पाच उत्तरपत्रिका पंख्यासारख्या पसरून ठेवल्या होत्या. वर नाव, क्रमांक, खाली पांढरं. मनाच्या बाई कोपऱ्यात ओढणी सावरत बसल्या होत्या.

"आजवर अशी केस आली नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मुलं नापास होतात. कॉपी करतात. पण अठ्ठ्याऐंशी टक्क्यांची मुलगी कोरे पेपर देते? हा उद्धटपणा आहे की आजार, ते आधी ठरवायला हवं. कारण दोन्हींची कार्यवाही वेगळी असते."

"माझी मुलगी उद्धट नाही," आई म्हणाली.

"आणि तिला आजारही नाही," बाबा म्हणाले.

"मग हे काय आहे?"

यावर बराच वेळ बोलणं झालं. मुख्याध्यापिका म्हणाल्या वय असतं असं. बाबा म्हणाले शाळेनं आधी कळवायला हवं होतं. आई म्हणाली, नजर ठेवायला आपण कमी पडलो. मनाच्या बाई म्हणाल्या की श्वासाच्या तासाला तिची हजेरी मात्र पूर्ण आहे. टकळी आळीपाळीनं प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. लग्नात नवरी सोडून सगळे मिरवावेत, तसं चाललं होतं. शेवटी मुख्याध्यापिकांना आठवण झाली.

"तूच सांग. का लिहिलं नाहीस?"

"मला तेवढे तीन तास कुणी काही सांगणार नव्हतं," टकळी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तेवढंच. बरं वाटत होतं. लिहायला लागले असते तर ते संपलं असतं."

मग बाबांचा संयम सुटला. "अगं, पण तुला हवंय तरी काय? काय कमी केलं आम्ही? एकदा सांगून टाक काय हवंय ते, म्हणजे तेही आणून देतो."

"माहीत नाही, बाबा."

"माहीत नाही," बाबा मुख्याध्यापिकांकडे वळून म्हणाले, जणू त्यांनाच जाब विचारत होते. "हे असं आहे बघा. विचारलं की माहीत नाही."

टकळीनं बाबांच्या बाहीवरच्या प्लास्टरकडे पाहिलं. या माणसाला कसं सांगायचं, की हवं-नको हे रोज थोडं थोडं वापरावं लागतं, नाहीतर दार गंजल्यासारखं तेही उघडेनासं होतं. तिला ते इतक्या नीट शब्दांत सुचलं नाही. तिनं नुसतं म्हटलं, "तुम्ही विचारता तेव्हा उत्तर आधीच तुमच्या हातात असतं." आणि ती रडायला लागली. त्यामुळे मुख्याध्यापिकांनी आजाराच्या बाजूनं निर्णय दिला.

मानसोपचाराचे डॉक्टर म्हातारे आणि सावकाश होते. त्यांनी आधी आईबाबांना बाहेर बसायला सांगितलं, आणि आई दाराच्या फटीशी उभी आहे हे ओळखून दार पुन्हा उघडून, "बाहेर म्हणजे बाकावर," असंही सांगितलं. त्यांनी नैराश्याची सुरुवात आहे म्हणून एक गोळी लिहून दिली, दर पंधरवड्याला यायला सांगितलं, आणि आईबाबांना म्हणाले, "गोळी तिचं काम करील. पण काही गोष्टी हिच्या हिला ठरवू द्या. चुकल्या तर चुकू द्या."

"अगदी बरोबर," बाबा म्हणाले. ते मनापासून म्हणाले. परतताना गाडीतही म्हणाले, "आजपासून तुझं तू ठरवायचं. आपण शब्दाचे पक्के."

संध्याकाळी टकळीच्या टेबलावरच्या भिंतीला नवं वेळापत्रक लागलं. बाबांनी पट्टीनं आखून केलं होतं. क्लास एक तास आधी संपत होता आणि त्या जागी हिरव्या पेनानं लिहिलं होतं, 'स्वतःचा वेळ'. शेजारी कंसात, बारीक अक्षरात, 'चित्रकला / बागकाम / चांगल्या पुस्तकाचं वाचन'.

टकळी त्या कंसाकडे बघत उभी राहिली. तिला हसायला येत होतं आणि हसणं तोंडापर्यंत येऊन काहीतरी वेगळंच होत होतं. मग ती जिना उतरून कारखान्यात गेली.

बाबा पॉलिशच्या मशीनवर होते. कवळीच्या गुलाबी हिरडीवरून फिरकी फिरत होती, कण उडत होते. ती जुन्या स्टुलावर बसली नाही, उभीच राहिली.

"बाबा, मशीन बंद करा."

त्यांनी बंद केलं. असं ती कधी म्हणाली नव्हती.

"मी यंदा परीक्षा देणार नाही. क्लासला जाणार नाही. एक वर्ष घरी राहीन आणि पुढच्या वर्षी शाळेत परत जाईन. विषय मी निवडीन. दातांची डॉक्टर मी होणार नाही."

"मग काय होणार?"

"माहीत नाही."

"माहीत नाही हे काय उत्तर झालं?"

"खरं उत्तर आहे. खोटं हवं असेल तर डॉक्टर म्हणते."

बाबांनी चष्मा काढून पुसला. काचेवर प्लास्टर होतं, ते आणखीच फासलं गेलं. "मला माझ्या काकानं तुझ्या वयात या टेबलाशी आणून बसवलं," ते म्हणाले. "मला कुणी विचारलं होतं?"

"तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं?"

"वाटून घ्यायला वेळ कुणाला होता?" त्यांचा आवाज चढला. "हे वाटणं, हे मन, हे सगळं तुम्हाला परवडतं ते आम्ही इथे खाली धूळ खातो म्हणून. सगळी पोरं करतात ना अभ्यास? त्यांना मन नाही?"

"असेल, बाबा. त्यांच्या घरी विचारा."

फोन वाजला. पलीकडे कुणी डॉक्टर होता. बाबांनी फोन उचलला, "हो डॉक्टर," म्हणाले, आणि तिच्याकडे पाठ केली. टकळी थोडा वेळ थांबली. फोन संपला तरी ते वळले नाहीत. मशीन पुन्हा सुरू झालं.

एक वर्ष थांबायचं तर शाळेला पालकाच्या सहीचा अर्ज लागत होता. अर्ज दहा दिवस टेबलावर पडून होता. बाबा त्यावरून पाण्याचा ग्लास उचलत, ग्लास ठेवत, पण अर्जाकडे बघत नसत. मामा दोनदा येऊन गेला, "एक वर्ष वाया म्हणजे आयुष्य वाया," असं सांगून गेला. शेवटी एका सकाळी आईनं ओट्यापाशी हात पुसले, अर्ज ओढला, आणि सही केली.

"पटलं म्हणून नाही करत," ती म्हणाली. "तुला रोज बूट घालताना बघवत नाही म्हणून करतेय. आता मला काही विचारू नको."

"थँक्यू, आई."

"ते पण नको."

ते वर्ष काही गोष्टीतल्या वर्षासारखं गेलं नाही. पहिले दोन महिने टकळी नुसती झोपली. मग उठली तर दिवस खायला उठला. ज्या वेळेसाठी ती एवढी भांडली होती तो वेळ समोर येऊन बसला आणि त्याच्याशी काय बोलावं ते तिला कळेना. कधी वाटायचं, बाबांचंच बरोबर होतं. बरोबरच्या मुली पुढे गेल्या, फोन कमी झाले. गोळीनं तोंड कोरडं पडायचं. आई घरात दबक्या पावलांनी वावरायची आणि दर थोड्या वेळानं दारातून डोकावून विचारायची, "काही करतेयस का?" बाबा तिच्याशी थेट बोलत नव्हते. "तिला सांग, जेवायला चल म्हणून," असं ते तिच्या समोर बसून आईला सांगत. मामानं फोनवर तीन कोर्स सुचवले.

पण उलट्या थांबल्या. केव्हा थांबल्या ते लक्षातही आलं नाही. एका दुपारी तिला कडकडून भूक लागली आणि तिनं स्वतः उठून अंडी फोडली, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत राहिली आणि काही म्हणाली नाही. आईसाठी ते फार कठीण असणार. मग टकळी लाँड्रीतल्या बाईंकडे दुपारी कपड्यांना चिठ्ठ्या लावायला जाऊ लागली. कुणी सांगितलं नव्हतं. काम कंटाळवाणं होतं, दीड महिन्यानं तिनं ते सोडलं. सोडायलाही कुणी सांगितलं नव्हतं. बाई फणकारल्या, "मग आलीस कशाला?" टकळीला त्याचं वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं तिचं स्वतःचं होतं.

नवं वर्ष आलं. ती शाळेत परत गेली, एक वर्षानं लहान मुलांमध्ये. विषयांची निवड करायची होती. तीन दिवस ती फॉर्म घेऊन बसली. भूगोल घेतला, कारण तो तिला कधी कुणी घेऊच दिला नव्हता. भाषा घेतली. आणि शेवटी रसायनशास्त्र ठेवलं. बाबांसाठी नाही. तो पहिला प्रश्न, जो तिनं येत असून लिहिला नव्हता, तो अधूनमधून आठवायचा आणि त्याचं उत्तर मनात लिहायला तिला बरं वाटायचं. विषय वाईट नव्हता. त्याला उगीच शिक्षा झाली होती.

संध्याकाळी तिनं जेवताना सांगितलं. भूगोलाला बाबांनी आमटी वाढून घेतली. भाषेला त्यांनी नाक उडवलं. रसायनशास्त्र म्हटल्यावर मात्र त्यांचा घास हातातच राहिला.

"रसायन ठेवलंस?" ते म्हणाले. कित्येक महिन्यांनी ते थेट तिच्याशी बोलत होते. "स्वतःहून?"

"हो."

"चांगलं केलंस. फार चांगलं केलंस." त्यांचा चेहरा असा उजळला की टकळीला क्षणभर फार बरं वाटलं. बाबांनी भराभर जेवण संपवलं, हात धुतले आणि फोन घेऊन ते खाली कारखान्यात गेले. जिन्यातून त्यांचा आवाज वर येत होता. ते मामाशी बोलत होते. "म्हणजे डॉक्टरकीचं दार काही अगदी बंद नाही. एक विषय बाहेरून घेतला की झालं. मी म्हणतच होतो, वर्षभर डोकं शांत झालं की येईल ताळ्यावर. त्या सरांचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

आईनं टकळीकडे बघितलं. "जाऊ दे ना," ती हळूच म्हणाली. "आज एवढे खूश आहेत. उद्या सांग."

टकळीनं ताट उचललं, धुऊन ठेवलं. उद्या सांगितलं तर उद्यापर्यंत टक्के सरांशी बोलणं झालेलं असेल, आणि परवापर्यंत फी भरलेली असेल. तिला त्या सगळ्याचा इतका कंटाळा आला की ओट्याला टेकून ती मिनिटभर नुसती उभी राहिली. एकदा सांगितलं म्हणजे झालं असं तिला वाटलं होतं. तसं ते नव्हतं. हे बहुधा पुन्हा पुन्हा सांगावं लागणार होतं, रागावून, समजावून, आणि दर वेळी त्यांचा तो उजळलेला चेहरा विझवून.

ती जिना उतरली. बाबा फोन कानाला लावून हसत होते. तिला बघून त्यांनी हातानं, बस, बस, अशी खूण केली.

"बाबा," टकळी म्हणाली, "फोन ठेवा. मला बोलायचंय."

आणि ती बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती.